संगणकातील खतावणीवर पहारा

जुन्या खतावणीत शाईने लिहिलेला आकडा कुणी बदलला तर खाडाखोड दिसत असे. मालक मुनीमजींना त्याचा जाब विचारू शकत असे. संगणकात तसे नाही. कारागिराच्या नावावरची ५,००० रुपयांची उचल कुणी ८,००० केली, तर पडद्यावर फक्त ८,००० दिसतात. कुणी बदलले, केव्हा बदलले, याचा मागमूस राहत नाही आणि ३,००० रुपये गरिबाच्या मजुरीतून नाहक कापले जातात.

यावर उपाय म्हणजे डेटाबेस ऑडिट, अर्थात प्रत्येक फेरबदलाची आपोआप होणारी नोंद. हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणे बंधनकारक झाले आहे. खाजगी मालकीच्या व भागीदारीच्या पेढ्यांना हा नियम लागू नाही. गरज मात्र त्यांनाही तितकीच आहे.

आपला प्रोग्राम 'पोस्टग्रेस' या मोफत डेटाबेसवर चालत असेल, तर ही सोय त्यात आहे. पण ती मुळात बंद असते. जाणकाराने मुख्य अधिकाराने 'पी-एस-क्यू-एल' ही आदेशाची खिडकी उघडावी. 'अल्टर सिस्टिम सेट' या आदेशाने 'लॉग स्टेटमेंट'ची किंमत 'मॉड' करावी. मग नोंद भरणे, बदलणे व पुसणे हे तिन्ही लिहिले जाते. 'लॉग लाइन प्रीफिक्स'मध्ये वेळ, वापरणाऱ्याचे नाव व संगणकाचा पत्ता घालावा. मूळ मांडणीत नाव नसते. शेवटी 'पीजी रीलोड कॉन्फ' चालवावे. डेटाबेस बंद करावा लागत नाही.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या नोंदीत नवा आकडा दिसतो, जुना दिसत नाही. तो हवा असल्यास प्रोग्राम लिहिणाऱ्याकडून 'ट्रिगर' बसवून घ्यावा. मुख्य अधिकार ज्याच्या हाती, तो ही नोंद बंदही करू शकतो. म्हणून तिची प्रत रोज दुसरीकडे ठेवावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक नोकराला डेटाबेसमध्ये वेगळे नाव व वेगळा पासवर्ड द्यावा. सगळे एकाच नावाने काम करीत असतील, तर करणारा सुटतो आणि आळ निरपराधावर येतो.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला इजा पोहोचू नये, असेही तिथेच फर्मावले आहे. प्रामाणिक मुनीमजींना पाठीशी अशी नोंद असली, तर आपली सचोटी सिद्ध करण्यासाठी शपथा घ्याव्या लागणार नाहीत.

व्यवस्था बसवल्यावर एक खोटी नोंद करून, बदलून, ती लॉगमध्ये उतरली की नाही हे मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मगच जाणकाराचे पैसे चुकते करावेत.