सहीचे पहिले वर्ष

शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीसाठी एक रेघ राखलेली असे आणि ती पालकांची असे. सहलीचे संमतिपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेतील बचत खाते, या साऱ्यांवर नाव मुलाचे आणि सही आईवडिलांची, अशी श्रमविभागणी सतरा-अठरा वर्षे सुखेनैव चालू असते. महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारात ती एकाएकी संपते. प्रवेश अर्ज, वसतिगृहाची नियमावली, रॅगिंगविरोधी हमीपत्र, ग्रंथालयाचे ओळखपत्र, शैक्षणिक कर्जाचा करार, भाड्याच्या खोलीची लिखापढी, असे कितीतरी कागद पहिल्या काही आठवड्यांतच समोर येतात आणि प्रत्येकाच्या तळाशी विद्यार्थ्याचीच सही हवी असते.

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीला ‘अज्ञान’ आणि त्यावरील व्यक्तीला ‘सज्ञान’ म्हणतात. शब्द जुने असले तरी अर्थपूर्ण आहेत. सज्ञानतेचे वय ठरविणारा कायदा १८७५ सालचा आहे, आणि अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये दिला होता. मतदानाचे वय मात्र एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनंतर १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे करार करण्याचा अधिकार तरुणांना मताधिकाराच्या पुष्कळ आधी मिळालेला होता. वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता कायदा मुलाला सज्ञान करतो. व्यवहारातील सज्ञानता मात्र पुढे वर्षभर, एकेका कागदानिशी मिळवावी लागते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा खरा अभ्यासक्रम हाच आहे, आणि तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो.

नमुना सही

प्रारंभ बँकेपासूनच करणे सोयीचे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँकेने ठरविलेल्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालविता येते. तथापि खातेदार सज्ञान झाला, की खाते चालविण्याविषयीच्या सूचना आणि सहीचा नमुना बँकेला नव्याने घ्यावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी हे काम लांबणीवर टाकतात आणि शुल्क भरण्याच्या शेवटच्या दिवशी खाते अडले, की शाखेकडे धाव घेतात. परगावी जाण्यापूर्वी आधार, पॅन व छायाचित्रे घेऊन शाखेत एक फेरी मारली, तर ही धावपळ वाचते. अठरावे वर्ष अद्याप लागायचे असेल, तर तेव्हा काय करावे लागेल, हे त्याच फेरीत विचारून घ्यावे.

सही कशी असावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण या वयात सहीला वेलबुट्टी फार असते. वहीच्या शेवटच्या पानावर सरावलेली, खाली दोन रेघा आणि वर एक टिंब असलेली ती नक्षीदार सही धनादेशावर घाईत उमटत नाही आणि धनादेश परत येतो. जी सही उभ्याने, गर्दीत, दुसऱ्याच्या पेनाने आणि वीस वर्षांनंतरही तशीच करता येईल, ती चांगली. ती मराठीत असली तरी बँकेला चालते.

न वाचता केलेली सही

गावातील मराठी शाळेतून शहरातील इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण विषयाची नसते, भाषेची असते. त्याहूनही मोठी अडचण असते ती संकोचाची. समजले नाही हे सांगण्यापेक्षा समजल्यासारखी मान हलविणे सोपे वाटते. वर्गातील ही सवय मग कार्यालयाच्या खिडकीशीही येते. कारकून अर्ज पुढे सरकवतो, मागे रांग असते, आणि तीन पानांचा इंग्रजी मजकूर न वाचताच सही होते.

या अर्जांत काय असते? रॅगिंगविरोधी हमीपत्राचे उदाहरण घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार ते विद्यार्थी व पालक या दोघांनीही द्यावयाचे असते. ‘मी रॅगिंग करणार नाही’ एवढेच त्यात आहे, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः त्या नियमावलीत पीडित विद्यार्थ्याचे संरक्षणही आहे: संस्थेत रॅगिंगविरोधी समिती असणे बंधनकारक आहे आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक अहोरात्र चालू असतो. ज्याने कागद वाचला, त्याला आपले कर्तव्य आणि आपला हक्क दोन्ही एकाच वेळी कळतात. मूळ प्रमाणपत्रांचेही तसेच. ती पडताळणीसाठी दाखवावयाची असतात. संस्थेने ती स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांपर्यंत किती शुल्क परत मिळते, याचे कोष्टकही त्याच अधिसूचनेत होते आणि पुढेही आयोगाने याविषयी वेळोवेळी सूचना काढल्या आहेत. प्रवेशाच्या वेळी चालू वर्षाचा नियम विचारून घेणे हा उद्धटपणा नव्हे.

एक छोटीशी खूणही सहीइतकीच वजनदार असते. महाविद्यालयाजवळच्या शाखेत नवे खाते उघडताना, सरकारी लाभ याच खात्यात जमा व्हावेत यासाठी आधार जोडण्याची संमती मागणारा एक चौकोन अर्जात असतो. तेथे खूण केली, की आधारच्या आधारे येणारी शिष्यवृत्ती जुन्या खात्यात न जाता ज्या बँकेशी शेवटची जोडणी झाली तेथे जाते. विद्यार्थी गावच्या खात्यात रक्कम शोधत राहतो आणि शिष्यवृत्ती आलीच नाही, अशी तक्रार करतो. आपली जोडणी सध्या कोणत्या बँकेशी आहे, हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

कर्जावरची सही

शैक्षणिक कर्ज वडिलांनी काढले, असे घरात बोलले जाते. कागदोपत्री ते विद्यार्थ्याचे असते. पालक सहकर्जदार असतात. कर्ज घेताना विद्यार्थी अज्ञान असेल, तर सज्ञान झाल्यावर त्याच्याकडून मान्यतापत्र घेतले जाते. परतफेड कशी झाली, याची नोंद त्याच्या स्वतःच्या पतअहवालात होते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तीच नोंद समोर येते.

अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, ही सवलत सर्वांना ठाऊक असते. व्याज मात्र त्या काळातही धावत असते. हिशोब सोपा जावा म्हणून दर दहा टक्के धरू. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षीच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये उचलले, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या लाखावर ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार आणि चौथ्यावर २० हजार, असे १ लाख ४० हजार रुपये सरळव्याज साठते. परतफेड सुरू होते ती ५ लाख ४० हजारांपासून. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ७,१४० रुपये येतो. केवळ चार लाखांवर तो सुमारे ५,२९० रुपये आला असता. पहिल्या वर्षी या कर्जाचे व्याज महिन्याला ८३३ रुपये असते. ते त्या त्या महिन्यात भरणे अनेक कुटुंबांना शक्य असते, आणि अशा नियमित भरण्याबद्दल काही बँका व्याजदरात सूटही देतात. मग ते भरले का जात नाही? पुष्कळदा एवढ्याच कारणाने, की सही करताना कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी तीन टक्के व्याज अनुदानाची तरतूद आहे. आपली संस्था त्या यादीत आहे काय, एवढा प्रश्न शाखेत विचारण्यास पाच मिनिटे पुरतात.

दुसऱ्यासाठी केलेली सही

महाविद्यालयात सहीचा पहिला गैरवापर बहुधा हजेरीपटावर होतो. मित्र झोपलेला असतो, त्याच्या नावापुढे कोणीतरी सही करतो, आणि मैत्रीचे ते पहिले प्रमाणपत्र समजले जाते. आता श्रेयांकांची पद्धत आली आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरातील पंधरा तासांचे अध्यापन, आणि २०२१ पासून हे श्रेयांक जमा ठेवण्यासाठी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ उभी राहिली आहे. या बँकेचे वैशिष्ट्य असे, की तेथे उसनवारी चालत नाही. खोट्या हजेरीचे तास कागदावर जमा होतात. परीक्षेत मात्र ते काढता येत नाहीत.

हजेरीच्या सहीतून निदान दुसऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. बँक खात्याची उसनवारी मात्र विद्यार्थ्याला उद्ध्वस्त करू शकते, आणि अलीकडच्या वर्षांत नवख्या विद्यार्थ्यांसाठी हाच सर्वांत मोठा सापळा ठरला आहे. त्याची भाषा आर्जवी असते. वसतिगृहातील एखादा ओळखीचा म्हणतो, “माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे, तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, दोन-तीन हजार तुला ठेव.” किंवा मोबाइलवर घरबसल्या कामाची जाहिरात येते आणि ‘कंपनीचे व्यवहार’ खात्यातून फिरविण्याबद्दल टक्केवारी देऊ केली जाते. काही ठिकाणी तर एटीएम कार्ड, पासबुक आणि खात्याशी जोडलेले सिमकार्डच रोख रकमेच्या बदल्यात मागून घेतात. महिनाभराच्या खर्चाची भ्रांत असलेल्या मुलाला यात गैर काही दिसत नाही. कष्ट नाहीत, भांडवल नाही, आणि खाते तर तसेही रिकामेच असते.

हे पैसे असतात दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीचे. सेवानिवृत्त शिक्षकाची पुंजी असेल, लग्नासाठी ठेवलेली रक्कम असेल. चोरट्यांना ती अनेक खात्यांतून झपाट्याने फिरवून मूळ ठाव पुसावयाचा असतो. त्यासाठी त्यांना अशी भाड्याची खाती लागतात. फसलेली व्यक्ती १९३० या क्रमांकावर तक्रार करते, रकमेचा माग काढला जातो आणि वाटेतील खाती गोठविली जातात. खरे सूत्रधार बहुधा परराज्यात वा परदेशात असतात. हाती लागतो तो ज्याचे नाव, छायाचित्र, पत्ता आणि नमुना सही बँकेत आहे, तो विद्यार्थी. तक्रार दुसऱ्या राज्यात नोंदलेली असल्यास चौकशीसाठी तेथे जावे लागते. खाते गोठल्यामुळे त्याची स्वतःची शिष्यवृत्ती, घरून आलेले खोलीभाडे, परीक्षा शुल्क सारेच अडकते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे खरे असले, तरी ते सिद्ध करीत बसण्यात पहिले वर्ष निघून जाते. अनोळखी रक्कम खात्यात आलीच, तर ती पुढे किंवा मागे कोठेही स्वतः पाठवू नये. प्रथम शाखेला लेखी कळवावे. खाते आधीच कोणाला दिले असेल, तर आजच शाखेत जाऊन सांगावे. उशिरा का होईना, स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीला वजन असते.

यूपीआयचा पिन हीदेखील या काळातील सहीच होय. तो पैसे देताना टाकावयाचा असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ‘रक्कम मिळविण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हणाले, की तेथेच संभाषण संपवावे.

गरज खरी असेल, तर मार्ग आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, ते ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. त्या नावाची योजना महाराष्ट्रातील विद्यापीठांत आजही चालू आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत वा बागेत ठरावीक तास काम आणि त्याचा मोबदला. रक्कम मोठी नसते, पण ती कोठून आली हे कोणालाही सांगता येते. योजनेची मुदत साधारणतः सत्राच्या आरंभी असते आणि सूचनाफलक वाचणाऱ्यालाच ती कळते.

पालकांसाठीही दोन शब्द आवश्यक आहेत. मुलाच्या खात्याचा पिन स्वतःजवळ ठेवणारे आणि त्याच्या वतीने सह्या ‘मारून टाकणारे’ वडील प्रेमापोटीच तसे करतात. पण त्यामुळे मुलाला पहिली चूक लहान वयात, लहान रकमेत करण्याची संधीच मिळत नाही. महिन्याचे पैसे एकरकमी पाठवावेत, ते बारा तारखेला संपले तर उरलेल्या दिवसांचा हिशोब मुलालाच मांडू द्यावा, आणि फोनवर रागावण्याआधी तो ऐकून घ्यावा. जो मुलगा सहाशे रुपयांची चूक घरी सांगू शकतो, तोच खाते मागणाऱ्या ‘मित्रा’विषयीही घरी बोलतो.

सज्ञान झाल्यावर शाखेत भरावयाच्या अर्जात सहीच्या थोडे वर नामनिर्देशनाचा रकाना असतो. आतापर्यंत आईवडिलांच्या खात्यांत त्या जागी मुलाचे नाव लिहिले जात होते. आता पेन मुलाच्या हाती असते. बहुतेक जण क्षणभर थांबतात, शेजारी बसलेल्या आईला तिचे नाव आधार कार्डावर नेमके कसे आहे ते विचारतात, आणि लिहितात.