वसंताची चाहूल व विहिरीचा हिशेब

माघ अर्धा सरला कीं देशावरील मळ्यांत ऋतुपालटाच्या खुणा दिसूं लागतात. पहाटेचें दंव नाहींसें होतें, बांधावरचा पळस पानें टाकून फुलावर येतो, कडुनिंबाचीं जुनीं पानें पिवळीं पडून गळतात, आणि आंब्याच्या मोहोरांत बारीक फळ धरूं लागतें. पंचांगाप्रमाणें वसंत ऋतु चैत्र-वैशाखाचा. तथापि वसंतपंचमी माघ शुद्धांतच येते. शेतकऱ्याला या दोहोंपैकीं पंचमीचाच इशारा अधिक उपयोगी आहे. कारण पिकाला ऊन जाणवूं लागतें तें पाडव्याला नव्हे, तर त्याच्या महिना-दीड महिना आधीं. शिवाय अधिक मासामुळें एकच तिथि निरनिराळ्या वर्षीं पुष्कळ मागेंपुढें होते. म्हणून तिथीपेक्षां झाडावर व वाऱ्यावर नजर ठेवणें श्रेयस्कर.

हा काळ मनास आल्हाद देणारा खरा. परंतु विहिरीवर चार-पांच एकर मळा करणारा शेतकरी फसतो तोहि याच काळांत. विहिरींत पाणी दिसतें, रब्बीचीं पिकें हिरवीं असतात, आणि मन म्हणतें, एखादा एकर उन्हाळी भुईमूग किंवा भाजी आणखी करूं. पुढें चैत्रांत विहीर उघडी पडते. नवें पीक वाळतें आणि त्याला दिलेल्या पाण्याअभावीं गव्हाचा दाणाहि बारीक राहतो. हें संकट दैवाचें कमी व हिशेबाचें अधिक असतें, असें आमचें मत आहे. तो हिशेब कसा मांडावा हें येथें सांगतों.

उदाहरणासाठीं २० फूट व्यासाची गोल विहीर घेऊं. निम्म्या व्यासाचा वर्ग करून त्यास ३.१४ नें गुणिलें म्हणजे पाण्याच्या पृष्ठाचें क्षेत्र निघतें; येथें तें ३१४ चौरस फूट आहे. अर्थात् पातळी एक फूट उतरली कीं ३१४ घनफूट पाणी बाहेर आलें. आतां एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर ३ इंच पाणी द्यावयाचें तर सुमारें २७२ घनफूट लागतें. विहिरींत २५ फूट पाणी उभें असलें तरी तें सर्व उपसून ७,८५० घनफूट भरतें, व त्यांत जेमतेम २९ गुंठे एकदां भिजतात. एक एकरहि नाहीं! उभें पाणी ही केवळ शिल्लक होय. मळा चालतो तो झऱ्यांच्या रोजच्या आवकेवर.

ही आवक मोजण्यास खर्च नाहीं. दोरीस वजन बांधून फुटाफुटावर खुणा कराव्या. उपसा थांबवितांच पातळी मोजावी, आणि २४ तास उपसा न करितां पुन्हां मोजावी. जितके फूट पाणी चढलें ती दिवसाची आवक. दर आठवड्यास, शक्यतों पातळी तितकीच उतरवून, हें माप घ्यावें व वहींत मांडावें.

समजा, पौषांत ही आवक ५ फूट आहे. म्हणजे १,५७० घनफूट, व त्यांत दिवसाला पावणेसहा गुंठे भिजतात. थंडींत पाण्याची पाळी २० दिवसांनीं आली तरी चालते, असें धरलें तर एका पाळींत ११५ गुंठे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन एकर निभतात. फाल्गुनांत आवक ३ फुटांवर आली तर दिवसाला साडेतीन गुंठेच भिजतील. आणि उन्हामुळें पाळी १० दिवसांवर आली कीं त्याच विहिरीवर ३५ गुंठे निभतील. विहीर तीच, मालक तोच; क्षेत्र मात्र पावणेतीन एकरांवरून एका एकराच्या आंत आलें. मातीच्या पाटांत मुरणारें पाणी यांत धरलेलें नाहीं. तें वजा जातां क्षेत्र आणखी घटतें.

दोन्ही बाजूंनीं अशी ओढ कां लागते? दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी असतें तें मुख्यतः वरच्या कुजलेल्या मुरुमाच्या थरांत व खडकाच्या भेगांत. पावसाळ्यानंतर हा सांठा उतरत जातो व वरचे झरे एकामागून एक बंद पडतात. त्याच वेळीं दिवस मोठा होतो, हवा कोरडी पडते आणि पानांतून व जमिनींतून जाणारें पाणी वाढतें. वसंत लवकर आला म्हणजे झरे आटण्यापूर्वींच पिकाची तहान वाढते, आणि खर्च आवकेच्या पुढें लौकर जातो.

असें आगाप ऊन आतां विरळ राहिलेलें नाहीं. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचें सरासरी कमाल उष्णतामान मार्च महिन्यांत सर्वांत अधिक झालें तें २०२२ सालीं. त्या वर्षीं उत्तरेकडील गहू दाणा भरतांना पोळला, आणि १३ मे रोजीं सरकारनें गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. दाणा भरण्याच्या वेळीं उष्णता वाढली कीं गहू घाईनें पिकतो व दाणा सुरकुततो. अशा वेळीं जमिनींत ओल असेल तर पिकाला कांहीं आधार मिळतो; ओलहि नसेल तर नुकसान दुणावतें.

म्हणून माघांतच क्रम ठरवावा. पहिलें पाणी माणसांचें व जनावरांचें. दुसरें फळझाडांचें, कारण हंगामी पीक बुडालें तर एक हंगाम जातो, झाड वाळलें तर कित्येक वर्षें जातात. तिसरें उभ्या पिकाचें, आणि त्यांतहि फुलोऱ्यावर व चिकावर आलेल्या गव्हास अग्रमान द्यावा. हरभऱ्याचे घाटे भरले असतील तर त्यास आणखी पाणी देऊं नये. शेवटीं कांहीं उरलें तरच नव्या पिकाचा विचार. भुईमूग माघांत पेरला तर त्यास सुमारें चार महिने पाणी पुरवावें लागतें. तेव्हां हिशेब आजच्या पातळीवर न करितां वैशाखांतील आवकेवर करावा. गतवर्षांचीं मापें वहींत असतील तर हा अंदाज सहज बांधतां येतो.

पाणी वांचविण्याचेहि उपाय आहेत. काळ्या जमिनीस भेगा पडूं लागतांच कोळपणी करून त्या बुजवाव्या, झाडांच्या आळ्यांत पाचट पसरावें, आणि ऐपत असेल तेथें ठिबक बसवावें. परंतु वांचलेलें पाणी लगेच नव्या क्षेत्रास जोडलें तर हे उपाय व्यर्थ होत.

क्षेत्र कमी करणें कोणासहि रुचत नाहीं, हें आम्ही जाणतों. शेजाऱ्याचें रान हिरवें असतां आपलें पडीक ठेवणें जिवावर येतें. परंतु एक एकर पुरतें भिजवून पदरांत घेतलेलें पीक हें अर्धवट वाळलेल्या तीन एकरांपेक्षां अधिक देतें, आणि बी-खतांचें कर्जहि डोक्यावर ठेवीत नाहीं. पळस फुलला कीं दोरी घेऊन विहिरीवर जावें, आणि मगच औत कोठें धरावयाचें तें ठरवावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.