येळवसेची भज्जी आणि घरचे बियाणे

मार्गशीर्षातील अमावास्या उजाडली की भीमा आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील गावे दिवसभर ओस पडतात. घराघरांना कुलपे लागतात आणि सारे गाव शिवारात जाते. लातूर, धाराशिव आणि सोलापूरचा काही भाग, तसेच सीमेपलीकडील बिदर, कलबुर्गी आणि विजयपूर या जिल्ह्यांत हा सण पाळतात. मराठीत त्याला येळवस किंवा वेळ अमावास्या म्हणतात, तर कन्नड शेजाऱ्यांच्या तोंडी ती एळ्ळ अमावास्ये, म्हणजे तिळाची अमावास्या, असते. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांच्या पूर्णिमान्त पंचांगात तीच तिथी पौषाची म्हणून छापलेली असते. नावे निराळी असली तरी दिवस एकच आणि पाने वाढली जातात ती उभ्या पिकाच्या बांधावरच.

शेतात कडब्याची खोप उभारून तीत पांडवांचे दगड मांडतात, त्यांची पूजा होते. आंबिलाचा बिंदगा येतो, बाजरीचे उंडे येतात, तिळाच्या आणि शेंगांच्या पोळ्या येतात. परंतु या जेवणाचा खरा मान भज्जीकडे असतो. शहरात वाढलेल्या वाचकांनी तळलेली भजी डोळ्यांपुढे आणू नयेत. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, चुका, पातीचा कांदा, तुरीचे, वालाचे आणि वाटाण्याचे ओले दाणे, गाजर, वांगे, चार बोरे आणि चिंच हे सारे एकत्र शिजवून त्यात ताकात कालवलेले डाळीचे पीठ घालतात. तीच ही भज्जी. तिची कृती पुस्तकात सापडणे कठीण, कारण ती दरसाल बदलते. त्या वर्षी शेतात जे असेल ते तीत पडते. म्हणूनच आम्हांस भज्जी हा त्या शेताचा वार्षिक ताळेबंद वाटतो. बारा जिन्नस शेतातून आले तर शेत भरलेले, दोनच आले तर कुठेतरी काही हरवले असे खुशाल समजावे.

हे हरवणे समजून घेण्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातील करजगीचा परिसर घेऊ. करजगी अफजलपूर तालुक्यात येते. गाणगापूरला दत्तदर्शनास जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हा तालुका अपरिचित नाही, कारण भीमा-अमरजेचा संगम येथेच आहे. जमीन काळी, पाऊस बेताचा आणि लहरी. अशा जमिनीत पूर्वजांनी एकाच पिकावर कधी भरवसा ठेवला नाही. रब्बीच्या ज्वारीत करडईची ओळ असे. करडई काटेरी, त्यामुळे बांधावरून शिरणारे जनावर आपोआप अडे आणि घरच्या तेलाचीही सोय होई. हरभऱ्यात जवस असे. खरिपात तुरीच्या ओळींमध्ये मूग, उडीद, मटकी, अंबाडी, कारळे अशी मिसळ पेरीत. पाऊस लवकर गेला तर एक पीक बुडे आणि दुसरे तरे. कणगीत ज्वारी, मडक्यात राखेत घोळलेल्या डाळी आणि आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे ही त्या घराची ठेव होती.

आज या मिसळीच्या जागी पुष्कळ ठिकाणी एकटी तूर उभी दिसते, आणि भीमेकाठी पाणी पोचले तेथे ऊस. याचा दोष शेतकऱ्याला देण्याचे कारण नाही. कलबुर्गीची तूर नामांकित आहे, तिच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्या पिकाला बाजार आहे ते पेरणे हा शहाणपणाच होय. ज्वारीची राखण, काढणी, खळे या सर्वांना माणसे लागतात, आणि तरुण मुले पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या वाटेला लागलेली असतात. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळू लागल्यावर भाकरीची निकडही कमी झाली. त्या तांदळाने अनेक घरांची उपासमार टळली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि एकट्या पिकाची किंमत कधीतरी मोजावी लागतेच. तुरीचा मर रोग ज्या बुरशीमुळे होतो ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते, आणि त्याच जमिनीत पुन्हा पुन्हा तूर घेतली की बळावते. २०२२ च्या हंगामात कलबुर्गी आणि शेजारच्या जिल्ह्यांत या रोगाने तुरीची एवढी हानी केली की राज्य शासनास पुढील वर्षी भरपाई जाहीर करावी लागली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ पासून कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर रोगाचे प्रमाण कमी राहते, असे तेथील प्रयोगांत पूर्वीच आढळले आहे. म्हणजे आजोबांची मिसळ ही केवळ रूढी नव्हती. भज्जीतील जिन्नस कमी होणे आणि शेत रोगाला बळी पडणे या दोन निराळ्या गोष्टी नाहीत.

मग यावर उपाय काय? तो शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. बिदरहून तासाभराच्या वाटेवर जहीराबाद आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा तालुका बिदर जिल्ह्यातच होता. पुनर्रचनेत त्या जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा मराठी मुलखाकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड तेलुगू मुलखाकडे आणि बिदर, भालकी कन्नड राज्यात राहिले. आता तेलंगणाच्या संगारेड्डी जिल्ह्यात असलेल्या या भागात, पस्तापूर गावी, १९८३ साली डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश हे मूळचे म्हैसूरचे, दूरदर्शनमधील नोकरी सोडून या कामात पडलेले आणि २०२३ साली निधन पावलेले गृहस्थ. परंतु काम उभे केले ते गावोगावच्या संघमांतील स्त्रियांनी. त्या बहुतेक दलित समाजातल्या, एक-दोन एकर हलक्या जमिनीच्या धनी आणि पुष्कळशा निरक्षर.

त्यांनी जे केले ते मुळातून समजून घेण्याजोगे आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणण्याचे ठरविले. नांगरट, खत आणि बियाणे यांसाठी शेतकऱ्याला उचल द्यावयाची आणि तिची फेड त्याने काही वर्षांत ज्वारीच्या रूपाने करावयाची. ही ज्वारी गावातच साठवली जाई. गावातील खरोखर गरीब कुटुंबे कोणती, हे स्त्रियांनी सर्वांदेखत जमिनीवर गावाचा नकाशा मांडून ठरविले, आणि पावसाळ्याच्या टंचाईच्या महिन्यांत त्या घरांना ही ज्वारी स्वस्त दरात दिली. धान्य गावाचे, कोठार गावाचे आणि वाटपाचा निर्णयही गावाचा. सरकारी रेशनचे धान्य शेकडो कोसांवरून येते, हे धान्य समोरच्या शिवारातून येई. शिवाय पडीक जमीन पिकू लागली, मजुरी मिळाली आणि कडब्यावर जनावरे जगली.

दुसरे काम बियाण्यांचे. या स्त्रिया एकेका एकरात पंधरा-वीस प्रकारची पिके घेतात आणि त्यांचे बियाणे घरीच राखतात. संक्रांतीपासून त्यांच्या बैलगाड्या बियाण्यांची मडकी घेऊन गावोगाव फिरतात. या जुन्या पिकांच्या जत्रेत गाणी होतात, जेवणे होतात, बियाण्यांची देवघेव होते. २००८ साली माचनूर येथे याच स्त्रियांनी चालविलेले संघम रेडिओ केंद्र सुरू झाले, आणि २०१९ साली या कार्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षा आम्हांस त्यांचा एक नियम महत्त्वाचा वाटतो. तेथे बियाणे विकत मिळत नाही, उसने मिळते, आणि परत करताना वाढवून द्यावे लागते.

महाराष्ट्रातही हाच नियम पाळणारी एक बाई आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा पाहिली नाही, पण देशी वाल, घेवडे, पालेभाज्या आणि भातांची बियाणी जमवून त्यांनी आपल्या घरी बियाणे बँक उभी केली. बायफ या संस्थेने त्यांना हातभार लावला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बियाणे नेणाऱ्याने सुगीनंतर दुप्पट परत करावे अशी रीत आहे. सवाई-दिढीने धान्य देणारा सावकार आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिला होता. येथेही वाढ घेतली जाते, पण ती सावकाराच्या कोठारात न जाता पुढच्या गरजू घरी जाते. आमच्या मते साऱ्या चळवळीचे मर्म या एका फरकात आहे. बियाणे जितक्या अधिक घरांत असेल तितके ते सुरक्षित. एकाचे पीक बुडाले तरी दुसऱ्याच्या मडक्यात ते शिल्लक राहते.

येथे वाचक विचारतील, आम्ही बडोद्यास किंवा हैदराबादेस तिसऱ्या मजल्यावर राहतो, आम्ही काय करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी देऊन ठेवले आहे. हे गणिताचे प्राध्यापक. १९६० च्या दशकात त्यांनी ‘प्रयोग परिवार’ ही कल्पना काढली. कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही. प्रत्येकाने आपल्या जागेत प्रयोग करावा, मोजून पाहावा आणि इतरांना कळवावा. पाच माणसांच्या कुटुंबाच्या गरजा दहा गुंठ्यांत भागू शकतात, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचा भर जमिनीच्या आकारापेक्षा पानावर पडणाऱ्या उन्हावर आणि मुळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर होता. ही दृष्टी मुंबईतही रुजली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांनी तेथल्याच ओल्या कचऱ्याचे खत करून भाज्या आणि फळझाडे वाढविली. पुढे शहरातील अनेक गच्च्यांना त्यापासून स्फूर्ती मिळाली. भाजीची साले आणि वाळकी पाने यांच्या थरांत बियाणे रुजते. चार कुंड्यांत मेथी, चुका, अंबाडी, पातीचा कांदा निघतो आणि गच्चीच्या कठड्यावर वालाचा वेल चढतो.

असे असले तरी एक सावधगिरीचा शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी-बाजरीला एकाएकी प्रतिष्ठा आली. कलबुर्गीच्या जिल्हा प्रशासनाने महिला बचत गटांच्या ज्वारीच्या भाकरीला ‘कलबुर्गी रोट्टी’ हे नाव देऊन बाजार मिळवून दिला, आणि २०२५ साली पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही तिचा उल्लेख झाला. ही आनंदाची गोष्ट आहे. भाकरी थापणाऱ्या हातांना चार पैसे मिळालेच पाहिजेत. पण केवळ बाजाराच्या भरवशावर राहिल्यास, शहरातल्या ताटात भाकरी आणि पिकविणाऱ्याच्या ताटात रेशनचा भात असे उफराटे चित्र दिसू शकेल. म्हणून विक्रीबरोबर बियाणे आणि घरची साठवण यांचाही विचार व्हावा. हे सारे काम एकट्या गृहिणीच्या माथी मारून पुरुषांनी नुसते कौतुक करावे, हेही आम्हांस मान्य नाही. मडके मातीने लिंपणे, खत चाळणे आणि पाणी घालणे ही पुरुषांना न जमणारी कामे खचितच नव्हेत.

आमची सूचना साधी आहे. बृहन्महाराष्ट्रात गावोगाव मराठी मंडळे आहेत, देवळे आहेत, गणेशोत्सवाचे मंडप आहेत. त्यांच्या आवारात दहा-वीस हात जागा सहज निघते. तेथे चार-सहा कुटुंबांनी मिळून वाफे करावेत आणि पाणी घालण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. कन्नड, तेलुगू वा गुजराती शेजाऱ्यांनाही बोलवावे, कारण अंबाडीला आमच्या कन्नड शेजाऱ्यांत पुंडी आणि तेलुगू घरांत गोंगुरा म्हणतात एवढाच काय तो फरक. करजगीसारख्या गावांत ज्यांची वडिलोपार्जित शेती आहे, त्यांनी ती कसणाऱ्याशी बोलून तुरीत चार ओळी ज्वारीच्या आणि बांधाला वाल-अंबाडी ठेवण्यास सुचवावे, आणि त्यात काही तोटा आला तर तो आपण सोसावा. येळवसेला सर्वांनी एकत्र जेवावे आणि निघताना प्रत्येकाने कागदाच्या पुडीत एक बियाणे द्यावे, एक न्यावे. पुडीवर वाण, गाव आणि वर्ष लिहावे. पुढील येळवसेला नेलेल्या मुठीच्या दोन मुठी आणाव्यात.

यासाठी सभा, ठराव वा देणग्या लागत नाहीत. लागते ती एका वर्षाची चिकाटी. वाल पेरला की शेंगा सुकेपर्यंत वाट पाहावी लागते आणि चांगली शेंग खाण्याचा मोह आवरून ती बियाण्यासाठी वेलीवर ठेवावी लागते. येत्या येळवसेला आपल्या भज्जीत घरचे किती जिन्नस पडले ते वाचकांनी मोजावे आणि आम्हांस कळवावे. संख्या दोन असली तरी संकोच नको. पुढल्या वर्षी ती तीन झाली, तर शिवारात एका वाणाचे पुनरागमन झाले असे आम्ही समजू.