गव्हावर ज्वारी

दळण गिरणीत नेले की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘आता कशावर दळताय?’ ज्वारीचे दळण ज्वारीवर पडावे, गव्हाचे गव्हावर, अशी प्रत्येकाची इच्छा असते. कारण साधे आहे. आधीच्या दळणाचे थोडे पीठ गिरणीत उरते आणि ते पुढच्याच्या डब्यात जाते. भाकरी थोडी चिवट होते किंवा पोळीला वेगळा वास येतो, इतपतच ही तक्रार असते. गिरणीवाला मूठभर पीठ बाजूला काढतो आणि वाद मिटतो.

पण काही माणसांच्या बाबतीत तो एवढ्यावर मिटत नाही. त्यांच्यासाठी हे उरलेले चमचाभर पीठ म्हणजे आजारपण असते. घरात गव्हाचा कणही येऊ न देणाऱ्या आईचे मूल वर्षभर ज्वारीची भाकरी खाऊनही वाढत नाही, पोट बिघडलेलेच राहते, आणि ‘पथ्य नीट पाळत नसाल’ असा ठपका तिच्यावर येतो. पथ्य नीटच पाळलेले असते. चूक पिठात असते. ही सरमिसळ कशी होते, ती किती झाली म्हणजे अपायकारक ठरते आणि पाकीटबंद अन्नात ती कशी ओळखायची, हे आपण या लेखात पाहू.

दोन वेगळे आजार

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. ‘गहू सोसत नाही’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यामागे निदान दोन वेगळी कारणे असू शकतात.

पहिला आजार सीलिअ‍ॅक. गव्हाच्या पिठातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिनांना मिळून ग्लूटेन म्हणतात. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो यामुळेच. बोलोन्या येथील बेक्कारी यांनी अठराव्या शतकात कणीक पाण्याखाली धुऊन तो वेगळा केला होता. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. ग्लूटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लूटामिन ही अमिनो आम्ले भरपूर असतात. प्रोलिनमुळे प्रथिनाची साखळी अशी वळते की आपले पाचकरस ती पुरती तोडू शकत नाहीत. न तुटलेले तुकडे लहान आतड्यात राहतात. बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या काही लोकांत मात्र रोगप्रतिकारयंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील बाजूचे मखमलीसारखे रसांकुर झिजतात, सपाट होतात. अन्न शोषून घेण्याची जागाच कमी झाल्यावर लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. जुलाब, पोट फुगणे, न हटणारा पंडुरोग, खुंटलेली उंची अशी त्याची रूपे दिसतात. जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा यांत ती नसतात.

या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि नेमकी या आजाराची मुले सुधारली. पाव परत आला तसा आजारही परतला. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले. भारतातही हा आजार दुर्मीळ नाही. उत्तर भारतातील पाहण्यांत दर १०० माणसांत साधारण एकाला तो आढळला आहे. भात खाणाऱ्या दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे.

दुसरा प्रकार अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा. शेंगदाणा, दूध, अंडे, काजू, तीळ, मासे, कोळंबी, आणि गहूसुद्धा, यांतील एखाद्या प्रथिनाविरुद्ध शरीरात विशिष्ट प्रतिपिंडे तयार झालेली असतात. ते प्रथिन पोटात गेले की काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. क्वचित श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो आणि रुग्णालय ताबडतोब गाठावे लागते.

सीलिअ‍ॅकचे नुकसान महिनोन्महिने साचत जाते, अ‍ॅलर्जीचे मिनिटांत होते. दोन्हींचा उपाय मात्र एकच: ते अन्न टाळणे. म्हणून नकळत झालेली सरमिसळ दोघांनाही सारखीच घातक.

चिमूटभर म्हणजे किती?

अनेक देशांत आणि भारतातही ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा नियम आहे. हा आकडा आला कुठून? २००७ साली इटालियन संशोधकांनी ४९ प्रौढ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पथ्यावर असलेल्या या रुग्णांना ९० दिवस रोज एक कॅप्सूल दिली. काहींच्या कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम ग्लूटेन, काहींच्यात १० मिलिग्रॅम, काहींच्यात मुळीच नाही. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे रसांकुर झिजलेले आढळले. १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी एकाला त्रास सुरू झाला. आता एखाद्याने दिवसात अर्धा किलो ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थ खाल्ले, तरी २० च्या मर्यादेत त्याच्या पोटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम जाईल. मर्यादेमागचा हिशेब हा असा आहे.

आता गिरणीचा हिशेब करू. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने ८ टक्के ग्लूटेन असते. म्हणजे २० मिलिग्रॅम ग्लूटेनसाठी गव्हाचे पीठ लागते फक्त पाव ग्रॅम, खरोखरीच चिमूटभर. गिरणीत गव्हाचे ५० ग्रॅम पीठ उरले आणि ते ५ किलो ज्वारीच्या दळणात गेले, असे धरा. ५० ग्रॅमचे ८ टक्के म्हणजे ४ ग्रॅम, अर्थात ४००० मिलिग्रॅम. ५ किलोत वाटले तर किलोमागे ८०० मिलिग्रॅम. मर्यादेच्या ४० पट! मुलाने दिवसात २०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर त्याच्या पोटात १६० मिलिग्रॅम ग्लूटेन गेले. ५० मिलिग्रॅमने जर आतडे झिजते, तर सुरुवातीच्या त्या आईचे कोडे इथेच सुटते.

शेंगदाण्याचे गणितही असेच आहे. जागतिक अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने अ‍ॅलर्जीच्या इशाऱ्यासाठी शेंगदाण्याच्या प्रथिनाची २ मिलिग्रॅम ही संदर्भमात्रा सुचवली आहे. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात सुमारे १२५ मिलिग्रॅम प्रथिन असते. म्हणजे एका दाण्याचा साठावा भाग. आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचे कूट कशाकशाला लागते ते आठवून पाहा.

शेतापासून पाकिटापर्यंत

सरमिसळ कारखान्यातच होते असे नाही. आपल्याकडे रब्बी ज्वारी आणि गहू एकाच हंगामात येतात आणि एकच मळणीयंत्र दोन्ही मळते. मग तीच पोती, तोच ट्रक, तेच गोदाम. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन सुमारे ३ मिलिग्रॅम. एक किलो ज्वारीत तीस-पस्तीस हजार दाणे असतात. त्यांत गव्हाचे सात दाणे सापडले की २० ची मर्यादा ओलांडली! अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत निसर्गतः ग्लूटेन नसलेल्या धान्ये, बिया व पिठांचे २२ नमुने पाहिले, तेव्हा ७ नमुन्यांत २० पेक्षा जास्त ग्लूटेन निघाले. ओटचे हेच दुखणे आहे. त्यात गव्हाजवाचे दाणे सहज मिसळलेले असतात.

कारखान्यात पुढचे टप्पे येतात. पिठाची धूळ हवेत तरंगत राहते आणि शेजारच्या यंत्रावर बसते. तुटक्या बिस्किटांचा चुरा पुढच्या घाण्यात वापरला जातो. एका पदार्थाच्या पाकिटात दुसराच पदार्थ भरला जातो. यंत्र धुऊन का घेत नाहीत, असे तुम्ही विचाराल. पीठ, मसाले, चॉकलेट यांची यंत्रे पाण्याने धुणे अवघड असते. पाण्याने पिठाची खळ होऊन ती सांध्यांत चिकटते, ओलसरपणात जंतू वाढतात, आणि चॉकलेट तर थोड्या पाण्यानेही घट्ट होऊन बसते. म्हणून ब्रश, निर्वात झाडणी आणि पुढच्याच मालाचा थोडा भाग आतून ढकलून तो टाकून देणे, यांवर भागवावे लागते. गिरणीवाला मूठभर पीठ काढतो त्याचेच हे मोठे रूप. ते कितपत पुरते? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काळ्या चॉकलेटच्या ९४ वड्या तपासल्या. त्यांतील घटकांच्या यादीत दूध नसलेल्या ८८ वड्यांपैकी प्रत्यक्षात फक्त ३७ दूधविरहित निघाल्या. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही जंतूंची बाधा नव्हे, त्यामुळे भाजल्याने वा तळल्याने ती जात नाही. ज्या तेलात रव्याचे पदार्थ तळले, त्यात तळलेला बटाटाही सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला चालत नाही.

यावर खात्रीचे उपाय दोनच: वेगळे यंत्र, किंवा निदान वेगळी वेळ आणि मग चाचणी. ग्लूटेन नसलेला माल आठवड्याच्या सुरुवातीला, पूर्ण सफाईनंतर काढायचा आणि गव्हाचा नंतर, असा क्रम चांगले कारखाने पाळतात. मग नमुन्यातील ग्लूटेनला चिकटणारी प्रतिपिंडे वापरून, रंग किती उमटतो यावरून प्रमाण मोजतात. पण सात दाणे तीस हजारांत कुठेतरी असतील, तर एका चमच्याच्या नमुन्यात ते येतीलच असे नाही. म्हणून एका चाचणीवर विसंबता येत नाही.

वर्गात करायचा प्रयोग

अदृश्य सरमिसळ डोळ्यांना दाखवता येते. मिक्सरच्या कोरड्या भांड्यात दोन चमचे हळद फिरवा, भांडे पालथे घालून नीट आपटून रिकामे करा. आता त्यात अर्धी वाटी तांदूळ दळा आणि पीठ ‘१’ अशी खूण केलेल्या कागदावर काढा. भांडे न धुता असेच ‘२’, ‘३’, ‘४’, ‘५’ पर्यंत करा. प्रत्येकातील एक चमचा पीठ वेगळ्या पेल्यात घेऊन त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी घाला. हळद असेल तिथे तांबूस रंग येईल. कोरड्या पिठात पिवळेपणा दिसत नसतानाही रंग कोणत्या क्रमांकापर्यंत येतो ते पाहा. मग भांडे कोरड्या फडक्याने पुसून आणि नंतर साबणाने धुऊन प्रयोग पुन्हा करा. मुलांना विचारा: रंग दिसेनासा झाला म्हणजे हळद संपली, की आपली कसोटी अपुरी पडली? (हे पीठ अर्थातच खायचे नाही.)

लेबल कसे वाचावे

भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचधारी प्राणी, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट हे घटक असतील तर तसे जाहीर करावे लागते. सरमिसळीतून ‘असू शकते’ ही सूचना मात्र उत्पादकाने द्यावी न द्यावी, हे त्याच्यावर आहे. यातून सरळ निष्कर्ष निघतो: ती सूचना नसणे म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. ‘ग्लूटेनमुक्त’ हा स्पष्ट दावा असेल तिथेच २० ची मर्यादा लागू होते.

घटकांत गव्हाची इतर नावेही शोधा: मैदा, रवा, शेवया, दलिया. माल्ट बहुधा जवाचे असते. आणि हिंग! बाजारातला बांधानी हिंग म्हणजे पीठ वा डिंक घालून सौम्य केलेला हिंग, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. म्हणजे उडदाचा पापड, लोणचे, फरसाण, सांबारमसाला यांतून गहू हिंगाच्या वाटेने येऊ शकतो.

घरी काय करावे? अख्खे धान्य आणावे, निवडावे, धुऊन वाळवावे आणि ज्या घरघंटीत गहू कधीच पडत नाही तिच्यावर दळावे. पोळपाट, लाटणे, चाळणी वेगळी ठेवावी.

शिक्षकांचा वाटा इथे मोठा आहे. डबा वाटून खाणे हा आपल्या शाळांचा चांगला संस्कार, पण वर्गात असे मूल असेल तर ‘त्याला आग्रह करायचा नाही’ हेही मुलांना शिकवावे लागेल. वाढदिवसाचे चॉकलेट, खिचडीचा सामाईक डाव, मळलेल्या कणकेची खेळणी यांकडे लक्ष हवे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे औषध कुठे ठेवले आहे आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे एकाच नव्हे तर सर्व शिक्षकांना ठाऊक हवे. आणि एखादे मूल खाऊनपिऊन खुंटलेले, सतत फिकट दिसले, तर पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. परस्पर गहू बंद करायला मात्र सांगू नका. गहू आधीच बंद केला तर रक्तातील प्रतिपिंडे ओसरतात, तपासणी फसते आणि खरा आजार निदानातून निसटतो.