चिठ्ठीवरच्या गोळ्या ठरतात कशा?

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात माणसाला आणणारे सर्वांत मोठे कारण वेदना हे असले, तरी त्या वेदनेवर कोणते औषध किती द्यावे याविषयी अमेरिकेतील वैद्यकाने गेल्या चार दशकांत दोन्ही टोके गाठून पाहिली आहेत. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वेदनादायक विकारांमुळे या विभागातून दाखल झालेल्या 198 रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना तेथे वेदनाशामक मिळालेच नसल्याचे आढळले. 1993 मधील लॉस एंजेलिसच्या अभ्यासात तर हातापायाचे लांब हाड मोडून आलेल्या हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रुग्णांपैकी 55 टक्के आणि गोऱ्या रुग्णांपैकी 26 टक्के वेदनाशामकाविना राहिले होते.

पुढे लंबक उलट्या दिशेला गेला. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन यांसारख्या, अफूतील द्रव्यांच्या जातकुळीतील औषधांना ओपिऑइड म्हणतात. ती मेंदू व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींना चिकटून वेदनेची जाणीव दाबतात, परंतु शरीराला त्यांची सवय लागते आणि मात्रा वाढल्यास श्वास मंदावतो. या औषधांनी व्यसन क्वचितच लागते, या समजुतीला आधार म्हणून 1980 सालचे एका वैद्यकीय नियतकालिकातील जेमतेम एका परिच्छेदाचे पत्र वारंवार पुढे केले गेले, वास्तविक ते रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांविषयी होते आणि घरी नेऊन आठवडेच्या आठवडे घ्यायच्या गोळ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. 1996 मध्ये ऑक्सिकोडोनची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आली, 2001 मध्ये रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने वेदनेच्या मूल्यमापनाचे निकष लागू केले, आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या सढळ हाताने लिहिल्या जाऊ लागल्या.

आपत्कालीन विभागातील रुग्णाला आपला डॉक्टर निवडता येत नाही. त्या पाळीला जो असेल तो त्याला तपासतो. नेमक्या या योगायोगाचा उपयोग करून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याखालील आणि आधीचे सहा महिने ओपिऑइड न घेतलेल्या रुग्णांची तुलना केली. एकाच रुग्णालयात काही डॉक्टर सुमारे 7 टक्के रुग्णांना ही औषधे देत होते, तर काही 24 टक्क्यांना. रुग्ण सर्वसाधारणपणे सारखेच असल्यामुळे हा तिपटीहून मोठा फरक वेदनेपेक्षा डॉक्टरांच्या सवयीचा होता असे मानणे भाग आहे. सढळ हाताच्या डॉक्टरांकडे गेलेल्यांपैकी 1.51 टक्के लोक पुढील वर्षभरात दीर्घकाळ ओपिऑइड घेत राहिले, हात आखडता घेणाऱ्यांकडील 1.16 टक्के. टक्केवारीतील हे अंतर किरकोळ दिसते खरे, पण अशा विभागांत वर्षाकाठी येणाऱ्या रुग्णांची संख्या ध्यानात घेता ते किरकोळ राहत नाही.

मग ओपिऑइड नाही तर काय, या प्रश्नाचे एक उत्तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून त्याच वर्षी आले. हातापायाच्या तीव्र वेदनेसाठी आलेल्या 416 रुग्णांवरील चाचणीत 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि 1000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल यांची जोडगोळी, ओपिऑइड असलेल्या तीन निरनिराळ्या मिश्रणांशी ताडून पाहिली गेली आणि दोन तासांनी वेदनेतील उतारात लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात हे मोजमाप दोनच तासांचे होते, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरव्रण असलेल्यांना आयबुप्रोफेन निर्धोक नसते. गंभीर जखमा आणि कर्करोगाच्या असह्य वेदनांमध्ये मॉर्फिनची जागा तर अशा चाचण्यांनी हिरावली जात नाही; ती जागा नाकारणे म्हणजे 1989 च्या चुकीकडे परतणे होईल.

सवय बदलण्याचा एक साधा उपाय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संलग्न दोन आपत्कालीन विभागांत आजमावला गेला. तेथील संगणकीय चिठ्ठीत ओपिऑइड गोळ्यांची संख्या आधीच दहा अशी भरून ठेवण्यात आली. आकडा बदलण्याची मुभा प्रत्येक डॉक्टरला होती; तरीही दहा गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले.