थॅकरे (इंग्लिश आडनाव)

थॅकरे हे इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात उगम पावलेले एक स्थानवाचक आडनाव आहे. त्याचा इंग्लिश उच्चार 'थॅकरी' असा होतो. हे आडनाव फारसे प्रचलित नाही. मराठी 'ठाकरे' या आडनावाशी त्याचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही.

व्युत्पत्ती

हे आडनाव वेस्ट रायडिंग भागातील ग्रेट टिंबल येथील 'थॅकरे' या वस्तीवरून आले. इ.स. ८७६ पासून यॉर्कशायरमध्ये स्कँडिनेव्हियन लोकांनी वसाहती केल्या. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेचे अवशेष तेथील अनेक ग्रामनामांत टिकून आहेत. 'थाक' म्हणजे घर शाकारण्याचे गवत किंवा लव्हाळे आणि 'व्रा' म्हणजे कोपरा. त्यावरून 'शाकारणीचे गवत उगवते तो कोपरा' असा या नावाचा अर्थ होतो. मूळ वस्तीची जागा आता फ्यूस्टन जलाशयाखाली गेली आहे. गाव बुडाले, तरी त्याचे नाव आडनावाच्या रूपाने टिकून राहिले.

लेखनभेद

वर्णलेखन स्थिर होण्यापूर्वी नोंदणी करणारे लेखनिक ऐकू येईल तसे नाव लिहीत. त्यामुळे थॅकरी, थॅक्रे, थॅक्रा अशी त्याची अनेक रूपे झाली. व्यवसायजन्य रोगांचे आद्य अभ्यासक, लीड्सचे वैद्य चार्ल्स टर्नर थॅक्रा (१७९५–१८३३) यांचे आडनाव त्यांपैकीच होय.

भारताशी संबंध

'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीचे लेखक विल्यम मेकपीस थॅकरे (१८११–१८६३) यांचे घराणे मूळचे यॉर्कशायरचे. त्यांचे आजोबा व वडील दोघेही ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. कादंबरीकारांचा जन्म कोलकात्यात झाला. वडिलांच्या निधनानंतर १८१६ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले.

ठाकरे आणि थॅकरे

समाजसुधारक व पत्रकार केशव सीताराम तथा प्रबोधनकार ठाकरे (१८८५–१९७३) यांनी या कादंबरीकाराविषयीच्या आदरापोटी आपल्या आडनावाचे इंग्लिश लेखन त्याच्या आडनावाप्रमाणे केले, असे सांगितले जाते. त्यांच्या कुटुंबात तेच लेखन पुढे रूढ झाले. 'ठाकरे' हे आडनाव मात्र त्यापूर्वीपासून महाराष्ट्रात प्रचलित असून ते अनेक समाजांत आढळते. केवळ रोमन लिपीतील अक्षरे सारखी असल्याने दोन आडनावांचे मूळ एक ठरत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.