ताब्याआधीचे चार तास

“ताई, एवढंच सांगा, घर चांगलं आहे ना?” मोशीतल्या एका नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडताना काकांनी विचारलं. एसटीत तीस वर्षं चालक होते ते. मुलाच्या नावावर कर्ज काढलेलं, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरलेली, काकूंनी गुरुजींना सांगूनही ठेवलेलं. मुहूर्ताला तीन आठवडे होते आणि ताबापत्रावर अजून सही झाली नव्हती. मला हायसं वाटलं ते त्यामुळेच.

मी स्थापत्य अभियंता आहे, गेली नऊ वर्षं घरं तपासते. काकांचा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि माझं उत्तरही तेच असतं. घर पास की नापास, हे मी सांगत नाही. आज या घरात काय नीट आहे, काय दुरुस्त करून घ्यायला हवं आणि काय मला दिसू शकत नाही, ते फोटोंसह लिहून देते. काका लगेच म्हणाले, “कळलं. गाडी डेपोतून काढायच्या आधी ब्रेक, टायर, दिवे बघायचे. मग ताब्यात घ्यायची.”

दोन बीएचके तपासायला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ घरमालकानं सोबत फिरावं, असा माझा आग्रह असतो. वीज आणि पाणी सुरू आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावं. ते नसेल तर निम्मी तपासणी होतच नाही.

सुरुवात मापानं होते. करारात चटईक्षेत्र ५८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ६२४ चौरस फूट लिहिलं होतं. रेरा कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. लेझर मीटरनं मोजलं, तेव्हा फरक अगदी किरकोळ निघाला. महारेराच्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक गृहीत धरलेला आहे.

मग भिंती आणि फरशी. ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते बघायचं, कोपऱ्यात गुण्या धरायचा, दांडीनं एकेक टाइल वाजवायची. खाली माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर पोकळ. हॉलमधल्या चार टाइल्स पोकळ वाजल्या. पाचवी काकूंनीच शोधली.

न्हाणीघरात मी बादलीभर पाणी ओतते आणि थांबते. पाणी मीटरभर वाहताना साधारण एक सेंटिमीटर तरी उतार हवा. इथे पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याशी साचलं. हा दोष आज क्षुल्लक दिसतो, पण पुढे दाराची चौकट फुगते आणि ओल बाहेरच्या भिंतीत चढते.

विजेच्या बाबतीत मी हयगय करत नाही. प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर लावते आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बटण दाबल्यावर पडतो का ते बघते. स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. तिथेच मिक्सर लागणार होता. माझ्या यादीत ३१ नोंदी होत्या, त्यांतली ही सगळ्यात वर लिहिली.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. तो भिंतीच्या आत बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओली जागा बहुधा थंड दिसते. ती खरंच ओली आहे का, हे ओलावा मोजणाऱ्या मीटरनं पडताळावं लागतं. शिवाय घरानं अजून पाऊस पाहिलेला नव्हता. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवरची प्रत्येक नोंद मी तारखेसह लिहिली आणि पावसाळ्यात ती जागा पुन्हा बघायला सांगितलं. गाडलेले पाइप, पाया, काँक्रीटची ताकद या तपासणीत येत नाही. जुन्या इमारतीत त्यासाठी वेगळं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं.

यादी काकांनी साइट ऑफिसात लेखी दिली आणि पोच घेतली. बारा दिवसांत कामं झाली. मी फेरतपासणीला गेले, न्हाणीघरात पुन्हा बादली ओतली, स्वयंपाकघरातला सॉकेट पुन्हा तपासला. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात आली, मग सही. मुहूर्त चुकला नाही.

मुहूर्ताची ओढ मी समजू शकते. माझ्याही घरी वास्तुशांत झालीच आहे. पण तारीख आधी ठरते, तपासणी राहून जाते आणि ‘पाहणी केली, समाधान आहे’ अशा ओळीखाली माणूस घाईत सही करतो. पुढे सुतार, प्लंबर येऊन गेले की तडा कोणामुळे गेला, यावर वाद सुरू होतो. म्हणून तपासणी फर्निचरच्या आधी, सहीच्या आधी आणि जमलं तर मुहूर्त काढण्याच्याही आधी करावी.

जुलैत काकांचा फोन आला. बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीखाली ओल उतरली होती. रेराच्या कलम १४ प्रमाणे, ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो. काकांनी पत्र लिहिलं आणि सोबत दोन फोटो जोडले : एक एप्रिलचा, कोरड्या भिंतीचा, आणि एक जुलैचा. खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट एका बाजूला भरलेलंच नव्हतं. बाहेरून ते भरून घेतलं, भिंत वाळल्यावर आतून रंग लागला.

काका फोनवर म्हणाले, “ताई, पत्र मीच लिहिलं हो. कुणाला विचारावं लागलं नाही.” आपल्या घराबद्दल आपल्यालाच ठामपणे बोलता यावं, यासाठीच मी लोकांना चार तास सोबत फिरवते.